उसनं इंजिन

फळ्यावर लिहिलंय : मंगळवारची गाडी बुधवारी सुटेल.
आज शुक्रवार.
म्वाइपोपो मास्तर पुसायला तयार आहेत,
पण पुसून लिहायचं कशाने?
खडू संपला. दार-एस-सलामहून येईल म्हणे,
पुढच्या गाडीने.

मी म्लिम्बाची. फलाटाच्या टोकाला माझी चूल.
भात विकते आणि नारळाच्या दुधातला राजमा.
गाडीला उशीर किती, ते मी राजम्यावरून सांगते.
सकाळी भिजत घातला आणि गाडी आलीच,
तर उशीर नाही.
असं एकदा झालं होतं. भांडंभर राजमा कच्चा राहिला
आणि मला फार राग आला.

या खेपेला घाटाच्या पायथ्याशीच इंजिनाने मान टाकली.
शेडमध्ये इंजिनं पुष्कळ आहेत, चालणारं नाही.
किह्वेले मिस्त्री दोन रात्री घरी गेला नाही.
शेजारी वाटीभर साखर मागावी तसा
याच्याकडून पंप, त्याच्याकडून पट्टा,
एकाचा दिवा काढून दुसऱ्याच्या कपाळाला,
आणि गवतात रुतलेल्या सगळ्यात जुन्याकडून
एक नट. फक्त एक.
‘त्याच्यावरच शिकलो मी,’ ताटावर बसून तो म्हणाला,
‘आता त्याच्याकडे जाताना मान वर करवत नाही.
उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं ना, टुसेकिले?’
मी त्याला जास्तीचा रस्सा वाढला.

डबेही पुरते नाहीत. झोपायचा डबा लागलाच नाही,
म्हणून झोपायच्या तिकिटाची माणसं बसायच्या डब्यात
आणि बसायच्या तिकिटाची माझ्या चुलीभोवती.
नळाला पाणी नाही, पंख्याला पाती नाहीत,
एका बाईने खिडकीच्या काचेजागी
स्वतःचा कांगा ताणून बांधलाय.

त्यातच कापाम्ब्वे, तिकडे सरहद्दीपलीकडच्या कसामाचा शिंपी.
शाळेच्या गणवेशाचं हिरवं कापड घेऊन चाललेला.
सोमवारी शाळा उघडते.
पहिला दिवस तो स्टेशनच्या घड्याळाकडे बघत बसला.
ते नऊ वाजता थांबलंय, कुठल्या वर्षीच्या नऊला कुणास ठाऊक.
दुसऱ्या दिवशी त्याने पोत्यातून मशीन काढलं,
मालाच्या वजनकाट्यावर मांडलं,
आणि फलाटभर टकटक ऐकू आली.
लोक दचकून वळले :
काहीतरी चालू झालं होतं.
तिन्हीसांजेपर्यंत एकोणीस फ्रॉक.
आमच्या पोरी ते अंगाला लावून बघत होत्या,
ज्यांची शाळा वेगळी, देशही वेगळा.

आज चार वाजता शेडमधून काळा धूर निघाला.
मास्तर धावले, आणि धावता धावता थबकले.
हिरवा बावटा उंदरांनी खाल्लेला, काठी तेवढी उरलेली.
लाल शाबूत होता. तो रोज वापरात असतो.
कापाम्ब्वेने कापड पसरलं, ओठ हलवत हिशेब केला,
पुन्हा एकदा केला,
मग हातभर कातरून चार टाके घातले.

त्याच्याकडे माझ्या सात ताटांचे पैसे राहिले.
‘परतीच्या गाडीने आलो की देतो, आई.’
मी हसले. मग तोही.

गाडी हलली तेव्हा मास्तरांच्या हातात
कसामाच्या कुठल्याशा पोरीचे दोन खिसे फडफडत होते.

आता मी फलाट झाडून घेतलाय.
वर डोंगरात, पहिल्या बोगद्याच्या तोंडाशी, भोंगा देतात.
वारा इकडचा असला तर इथवर ऐकू येतो.
वारा इकडचाच आहे.
किह्वेले शेडच्या दारात उभा, चिंधीला हात पुसतोय,
केव्हाचा पुसतोय.
मी राजमा निवडायला घेतला.
भिजत अजून घातलेला नाही.